देवावर भरवसा ठेव म्हणतात, पण ठेवायचा कसा? हप्ते, पूर आणि जॉब कार्डाची गोष्ट

"देवावर भरवसा ठेव, सगळं नीट होईल." हे वाक्य मी तीन वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी शेवटी कुणी तोंड उघडलं की मला आधीच कळायचं आता हे येणार. लोक चांगल्या मनानंच म्हणत होते, त्यांचा दोष नाही, पण एकानंही सांगितलं नाही की ठेव म्हणजे करायचं काय. सकाळी उठून काय करू, रात्री तीनला जाग आली तर काय करू, बँकेचा फोन वाजला की उचलू का नामस्मरण करू? म्हणून मी जे चुकतमाकत शिकलो ते लिहून ठेवतोय. मी कुणी महाराज-बिहाराज नाही, माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं शेड आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि एक म्हातारा लेथ, फौंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं ते मशीनवर कातून परत द्यायचं, एवढाच धंदा.

घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून जवळ. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं पावसाळ्यात दोन माणसं भेटली की 'बरं हाय का' च्या आधी 'किती फूट?' असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात, 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, आणि राधानगरी धरणाचे सातातले किती दरवाजे उघडले हे शाळकरी पोरांना पण पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती पातळी 55 च्या वर गेली. त्याच वर्षी मी दुसरं मशीन कर्जावर घेतलेलं. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, माल जाईना येईना, घरात पाणी, आणि हप्त्याची तारीख मात्र कोरडी ठणठणीत.

त्या रात्रीचं एक सांगायला पाहिजे कारण सगळं तिथनंच सुरू झालं. पाणी आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होतं, लाईट गेलेली, मी मोबाईलच्या उजेडात नुसता इकडनं तिकडं करत होतो, काय उचलू काय नको. आई सत्तरीची, ती एका जागी उभी राहून हुकूम सोडत होती, "आधी कागदाची पिशवी, मग पिठाचा डबा, तांदूळ, मग गॅस. टीव्ही राहू दे. देव मी घेते." आणि देव्हाऱ्यातले सगळे देव तिनं पदरात बांधून घेतले, जसं बाजारातनं लिंबं आणावीत तसे. वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या खोलीत स्टुलावर मांडले, वात लावली, हात जोडले आणि सतरंजीवर पडली. दहा मिनिटांत घोरायला लागली! मी खिडकीत बसून बॅटरीनं पायऱ्या मोजत होतो. पहाटे विचारलं, आई तुला झोप लागतीच कशी. म्हणाली, "वर आणायचं ते आणलं का न्हाई? आता पाणी काय मी जागी राहिले म्हणून खाली जाणार हाय व्हय. ते तिचं काम."

'ते तिचं काम.' ती म्हणजे आमची अंबाबाई. तेव्हा मला हे वाक्य जरा अडाणीच वाटलं खरं सांगायचं तर. पुढं दोन वर्षं लागली कळायला, आणि कळलं ते सुद्धा उलट्या बाजूनं, म्हणजे आधी सगळ्या चुका करून.

पहिली चूक, आणि तुम्ही बहुतेक आत्ता हीच करताय

2020 ला लॉकडाऊन लागला, ऑर्डरी बंद. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली ती मी घेतली, पण व्याज चालूच राहतं हे मला नंतर कळलं. मग मी काय केलं, देवळं बंद होती म्हणून घरातनंच जोतिबाला नवस बोललो. दिवाळीपर्यंत एका कंपनीची मोठी ऑर्डर मिळू दे, मी खोबरं-गुलाल उधळीन, पुरणपोळीचं जेवण घालीन. अगदी कोटेशन दिल्यासारखं. दिवाळी आली, ऑर्डर दुसऱ्याला गेली, आणि मी देवावर इतका चिडलो की सहा-सात महिने मंदिराची पायरी चढलो नाही. अंबाबाईच्या महाद्वारावरनं गाडी घेऊन जायचो, मान पण वळवायचो नाही. रुसलेल्या जावयासारखं.

आईला हे कळल्यावर ती हसलीच. "आरं, देवीला तू गिऱ्हाईक समजलास का सप्लायर? ॲडव्हान्स दिला म्हणून माल धाडायला?"

नवस करू नका असं मी म्हणत नाही हां, आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, मी कोण सांगणार. पण कठीण काळात एवढं बघा की तुमची प्रार्थना करारासारखी झालीय का. 'हे दे, मग मी हे करीन' असं असेल तर तुमचा सगळा भरवसा त्या एका गोष्टीवर टांगलेला असतो, ती नाही झाली की देव पण गेला आणि ऑर्डर पण गेली, दोन्हीकडनं भिकारी. मी आता काय करतो, मागायचं असेल तर उघड मागतो, लाज कसली, आईला जेवण मागतो तसं, पण बदल्यात काही देतो म्हणत नाही आणि तारीख घालत नाही. तारीख घालायची सवय धंद्यातली आहे, डिलिव्हरी डेट, ती देवळाबाहेर चपलांच्या शेजारी ठेवून जायची. आणि जोतिबाला आपण 'चांगभलं' म्हणतो ना, त्या शब्दात बघा कुणाचं भलं ते सांगितलेलंच नाही.

राग आला तर? येऊ द्या की. मला वाटायचं देवावर रागावलो म्हणजे श्रद्धा संपली. पण आपली जनाबाई विठ्ठलाला काय काय बोललीय बघा, शिव्या घातल्यात अक्षरशः, आणि नामदेव त्याच्याशी लहान पोरासारखा भांडलाय, त्यांना कुणी नास्तिक म्हटलं का? तुकोबांची तर दुष्काळात बायको गेली, पोरगं गेलं, धंद्याचं दिवाळं वाजलं, आणि ते सगळं त्यांनी देवाच्या तोंडावर सांगितलंय, लपवून नाही ठेवलं. तेव्हा भांडायचं असेल तर समोर जाऊन भांडा. पाठ फिरवून गप्प बसणं जास्त वाईट, घरातसुद्धा तसंच असतंय की नाही, ओरडणारा माणूस परवडला.

रात्री तीन वाजता

आता मेन गोष्ट. दिवस निघून जातो हो, काम असतं, माणसं असतात. मारते ती रात्र. माझं ठरलेलं होतं, पावणेतीन-तीनला जाग यायची, छाती धडधड, आणि हात आपोआप मोबाईलकडं. बँकेचं ॲप उघडायचं, बॅलन्स बघायचा (जसा काय रात्रीत कुणी टाकून जाणार होता), मग कर्जाचं स्टेटमेंट, मग व्हॉट्सॲपवर कुणी पेमेंटचा मेसेज बघून उत्तर दिलं नाही ते, मग असंच काहीतरी युद्ध, मंदी, भूकंप बघत पाच वाजायचे.

यावर मी केलं ते असं. मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात, आणि गजरासाठी लक्ष्मीपुरीतनं साधं सेलवालं घड्याळ आणलं. हे वाचायला फालतू वाटतंय पण अर्धं काम इथंच झालं. जाग आली की उठून बसायचं, आडवं राहून विचार केला तर विचार छातीवर बसतात. घोटभर पाणी. मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत नाव घ्यायचं, श्वास सोडताना एक नाव, कुठलंही, तुमचं जे असेल ते. माझ्याकडं मशीनवर एक ऑपरेटर आहे, तो गुरुवारी बाबूजमाल दर्ग्याला जातो, तो त्याचं नाव घेतो, आमचं या विषयावर छान जमतं, चहाच्या टायमाला हीच चर्चा. किती वेळा घ्यायचं मोजत बसू नका, टार्गेट लावलं की परत तोच धंदा सुरू.

आणि मग कार्ड. हे मी स्वतः काढलेलं आहे म्हणून जरा कौतुकानं सांगतो. आमच्याकडं प्रत्येक लॉटबरोबर जॉब कार्ड असतं, पिवळ्या जाड कागदाचं, त्यावर पार्ट नंबर, क्वांटिटी वगैरे. एका बाजूनं छापलेलं, मागनं कोरं. जुनी कार्डं ढिगानं पडलेली. एका रात्री हाताला वही लागली नाही म्हणून मी जॉब कार्डाच्या मागं लिहिलं, 'शुक्रवारपर्यंत 18 हजार कमी पडतायत. कुठून आणू.' आणि काय वाटलं कुणास ठाऊक, ते देव्हाऱ्यात अंबाबाईच्या फोटोला टेकवून ठेवलं आणि जाऊन पडलो. झोप लगेच लागली असं नाही, सिनेमा नाही हा, पण सकाळी कार्ड बघितलं तर त्यावर एकच ओळ होती. रात्री मला वाटत होतं जग बुडालंय, आणि कागदावर बघतो तर 18 हजार. मोठीच रक्कम तेव्हा माझ्यासाठी, पण जग नव्हे.

तेव्हापासनं हीच पद्धत. काळजी आकड्यात किंवा नावात लिहायची. 'माझं कसं होणार' असं लिहायचं नाही, ते कुणालाच कळत नाही, देवीला पण नाही. 'थोरलीची फी 22 हजार, 10 तारीख' असं लिहायचं. एका कार्डावर एकच. देवापुढं ठेवायचं आणि ते रात्रीपुरतं तिचं. बारा ते पाच या वेळात कसलाच निर्णय घ्यायचा नाही, मशीन विकायचं नाही, भावाला मेसेज करायचा नाही, कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. सकाळी अंघोळ झाली की कार्ड परत उचलायचं, कारण आता ते आपलं, आणि त्या ओळीच्या खाली आज करायची एक गोष्ट लिहायची. एकच. कुणाला फोन, कुठलं बिल पाठवायचं, कुठं जाऊन उभं राहायचं. रात्री तिच्याकडं, सकाळी आपल्याकडं. आई पिठाचा डबा वर नेऊन मग झोपली होती, डबा खाली ठेवून नव्हती झोपली, हे माझ्या डोक्यात तेव्हा कुठं शिरलं.

काही कार्डांच्या खाली लिहायला काहीच सुचत नाही. मेव्हण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तसं झालेलं, आम्ही करायचं ते केलेलं, पैसे भरलेले, डॉक्टर आत. ते कार्ड तसंच राहू दिलं मी तीन दिवस. अशी कार्डं असतात, ती ठेवून द्यायची.

सकाळचं, थोडक्यात

मशीनवर काम करणाऱ्यांना माहितीय, सकाळी थंड मशीनवर पहिला पीस काढला की तो मोजल्याशिवाय लॉट चालू करत नाहीत, कारण मशीन गरम होताना माप सरकतं. मग ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, द्यायचा, परत मोजायचं. माणसाचं पण तसंच आहे. मोबाईल बघायच्या आधी पाच मिनिटं देवापुढं बसायचं, वात लावायची, बास. मोठी पूजा, पोथी, उपवास हे टेन्शनच्या काळात एकदम अंगावर घेऊ नका, आठ दिवस होतं आणि नवव्या दिवशी चुकलं की वाटतं आता देव कोपणार, आणि एक टेन्शन जास्तीचं होऊन बसतं. माझी बायको एका वेळेला सोमवार, गुरुवार, शुक्रवार, चतुर्थी असं सगळं धरून बसलेली, चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन खाली. आता एक शुक्रवार धरते आणि त्या दिवशी साबुदाण्याच्या ऐवजी राजगिरा-दूध घेते.

देवी कागदपत्रं करत नाही

हे लिहिल्याशिवाय पुढं जाणार नाही, कारण भरवसा ठेवला म्हणजे हातावर हात, असं बऱ्याच जणांचं होतं आणि ते बघून बाकीचे म्हणतात बघा देव-देव करून काय झालं. कार्डाच्या खालच्या ओळीत काय लिहायचं याची मला जी जी माहिती पुढं कामी आली ती सांगतो.

माझ्यासारखा छोटा धंदा असेल आणि मोठी पार्टी पैसे अडकवून बसली असेल तर आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, फुकट होते, ऑनलाईन. 2006 चा कायदा आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर व्याज लागतं, आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. मी तक्रार केली नाही, नुसतं बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि कायद्याची एक ओळ छापायला लागलो, त्यानं पण फरक पडला. नव्वद दिवसांचे साठ झाले, पंचेचाळीस अजून नाहीत, मी खोटं बोलणार नाही.

वसुलीवाले फोन करून धमकावत असतील तर एवढं लक्षात ठेवा की रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर हप्त्यासाठी फोन करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. मला एक जण रात्री साडेनऊला फोन करायचा, आवाज ऐकला तरी पोटात गोळा. एक दिवस शांतपणे म्हटलं, साहेब नियम असा असा आहे, उद्या सकाळी दहाला मीच शाखेत येतो. आणि गेलो. हे जाणं फार महत्त्वाचं. फोन उचलायचा नाही, तोंड चुकवायचं, यानं जेवढी झोप उडते तेवढी हप्त्यानं उडत नाही. देवळातनं निघालो आणि तसाच बँकेत गेलो, कपाळावर कुंकू तसंच. समोरची बाई बघून म्हणाली अंबाबाईला जाऊन आला वाटतं, मी म्हटलं होय, तिनंच पाठवलंय. ती हसली, मग बसून मुदत वाढवायचं बोलणं झालं, हप्ता कमी झाला, वर्षं वाढली. मोबाईलवरच्या लोन ॲपच्या नादाला मात्र अजिबात लागू नका, आणि ऑनलाईन फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन, जेवढा उशीर तेवढे पैसे लांब.

दवाखान्याचा खर्च असेल तर सरकारी योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं तो बघतो, रेशनकार्ड-आधार घेऊन ॲडमिट व्हायच्या आधीच त्याला गाठा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

आणि छातीतली धडधड. मला एकदा रात्री वाटलं अटॅकच आला, घाम, हात बधिर. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले हे भीतीचं आहे, मनाचं, आणि गोळ्या दिल्या, सहा महिने घेतल्या, त्यांनी सांगितल्याप्रमाणं हळूहळू बंद केल्या. पहिले आठ दिवस मी गोळ्या लपवून खायचो, म्हटलं लोक म्हणतील एवढा देवाचं करतो आणि डोक्याच्या गोळ्या खातो. आईनंच पुडी बघितली. म्हणाली, "बीपीची गोळी मी रोज खाते, माझी भक्ती पातळ झाली का?" विषय संपला. जीव नकोसा वाटण्यापर्यंत आलं असेल तर हे वाचत बसू नका, 14416 ला फोन लावा, टेली-मानसची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि घरातल्या एकाला तरी उठवा. रात्री तीन वाजले असले तरी उठवा.

कुणापासून लांब राहायचं

अडचणीतल्या माणसाचा वास काही लोकांना लांबनं येतो. मला एकानं गाठलं, म्हणाला तुमच्या शेडच्या जागेत दोष आहे, 21 हजारात शांती करू, नाहीतर मोठ्या पोरीवर येईल. पोरीचं नाव काढलं की बापाची अक्कल जाते, मी खरंच पैसे जमवायला लागलेलो. घरी आईच्या कानावर गेलं आणि तिनं एकच प्रश्न विचारला, "भीती घालतोय का धीर देतोय?" हा मला आत्तापर्यंत मिळालेला सगळ्यात चांगला गेज आहे, भाग पास का नापास एवढंच सांगणाऱ्या आमच्या गो नो-गो मापकासारखा. देवाच्या नावानं जो भीती घालून पैसे मागतो तो नो-गो, पुढं मोजायची गरजच नाही. आपल्याकडं 2013 पासनं जादूटोणाविरोधी कायदा आहे, अशांची पोलिसात तक्रार करता येते.

जवळ कुणाला धरायचं मग? आमच्या गल्लीत तालमीजवळ गुरुवारी रात्री भजन असतं, पाच-सहा जण, त्यातल्या दोघांना सूर नाही आणि एकाला ताल नाही. मी पेटीच्या मागं बसायचो नुसता. एकानं पण मला कर्जाचं विचारलं नाही, पण सगळ्यांना माहिती होतं, कोल्हापुरात काय लपतंय. दुसऱ्या पुरात, 2021 च्या जुलैत, शेडमधलं साहित्य हलवायला हीच बेसूर मंडळी टेम्पो घेऊन आली, न बोलवता. म्हणून म्हणतो, एकटं बसून भक्ती करू नका, निदान संकटाच्या काळात तरी नको.

आणि तरीही नाही झालं तर

हे सगळं करून पण काही गोष्टी होत नाहीत. इथं मी काय सांगणार, दोन जागा सांगतो, जमलं तर जाऊन या.

एक नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, आपल्यापासनं पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढत चढत देवळात येतं, एका बाजूनं शिरतं, दत्ताच्या पादुकांवरनं जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि लोक त्या पाण्यात अंघोळीला धावतात. मी पुराला शिव्या घालत मोठा झालेला माणूस, मला हे बघून पहिल्यांदा राग आला, म्हटलं पूर आलाय आणि तुम्ही सोहळा कसला करताय. पण मग तिथल्या लोकांची तयारी बघितली. पाणी अजून चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात, दुकानदार फळ्या काढून पेढ्यांचे ट्रे वर नेतात, सगळं ठरल्यासारखं, आरडाओरडा नाही. देवाच्या घरात पण पाणी येतं. आणि ते लोक देव हलवतात, आरती चालू ठेवतात. माझ्या आईनं शेजाऱ्यांच्या स्टुलावर केलं तेच.

दुसरं आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव. देवीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळं 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, आणि 9, 10, 11 नोव्हेंबर या दिवशी मावळतीचा सूर्य महाद्वारातनं सरळ आत येतो, पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी तोंडावर. म्हणजे यायला पाहिजे. कधी ढग असतो, कधी हवेत बाष्प, वाटेत इमारतींचा अडथळा, आणि किरण अर्ध्यावर विरून जातं. मी गेलो होतो त्या वर्षी कमरेपर्यंत आलं आणि मंद होऊन गेलं. मी आजूबाजूला बघत होतो, लोक काय करतात. माझ्या पुढं एक म्हातारी होती, पार वाकलेली, दोन तास उभी. तिनं कमरेपर्यंतच्या उजेडाला हात जोडले, आरतीला टाळ्या वाजवल्या, आणि नातवाला म्हणाली, "चल, नोव्हेंबरात बघू." आणि पिशवीतनं त्याला फुटाणे काढून दिले.

मी घरी येताना गंगावेशीत थांबून दूध प्यायलो, बऱ्याच दिवसांनी.

कर्ज अजून आहे, सात हप्ते राहिलेत. आजचं कार्ड समोरच आहे, 'इन्सर्टचा बॉक्स संपला, पुण्याचं पेमेंट सोमवारी येतो म्हणालेत, तोवर काय.' (इन्सर्ट म्हणजे मशीनवरची कापायची पाती.) खालची ओळ सकाळी लिहीन. आई आतनं विचारतीय वातीच्या बाटलीत तेल आहे का बघ, नाहीतर दुकान बंद व्हायच्या आत आण.